दिवाळीची सुट्टी, आजींचे गुडघे आणि कोची

मागणी अशी होती: दिवाळीच्या सुट्टीत केरळ. कोचीला उतरायचं, मग मुन्नार, थेक्कडी, अलेप्पीला एक रात्र हाउसबोट, जमलं तर कन्याकुमारी, आणि परत कोचीहून विमान. हे सगळं सहा दिवसांत. माणसं पाच: सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, मुलगा, सून आणि नववीतली नात. राहणार नाशिकचे, साल 2024.

ओळखीपाळखीच्या लोकांच्या सहली आखून द्यायचं काम मी करतो, त्यामुळे अशी यादी नवी नव्हती. पण या यादीत कुणाच्या गुडघ्यांचा, पोटाचा किंवा पावसाचा उल्लेख नव्हता, म्हणून आधी घरी जाऊन बसलो. तासाभरात खरी माहिती बाहेर आली. आजींच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. सपाटीवर चालतात, पण जिना जड जातो आणि हलत्या वस्तूवर पाय टाकायची धास्ती वाटते. आजोबा निवृत्त विज्ञान शिक्षक. दोघेही कडक शाकाहारी. सुनेला मासे हवेत आणि पाच दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नाही. नातीला समुद्र हवा. मुलाला मुन्नार हवं, कारण ऑफिसातले सगळे जाऊन आलेत.

भाऊबीज रविवारी, 3 नोव्हेंबरला. त्या रात्री निघायचं आणि पुढच्या रविवारी, 10 तारखेला परतायचं. एवढाच अवकाश.

पाऊस किती वाजता पडतो

केरळात पाऊस दोनदा येतो. एक आपल्या ओळखीचा, 1 जूनच्या सुमारास दाखल होणारा. दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला, त्याला तिथे तुलावर्षम म्हणतात. या दुसऱ्याची तऱ्हा वेगळी. सकाळ लख्ख, ऊन चटके देणारं. दुपारी दोन-अडीचनंतर पूर्वेकडून, डोंगरांच्या बाजूनं ढग चढायला लागतात आणि मग विजांच्या कडकडाटासह तास-दीड तास कोसळतो. रोज पडेलच असं नाही, पण पडला तर बहुधा दुपारनंतर. केरळचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण या दिवसांत दुपारी दोन ते रात्री दहापर्यंत विजांपासून जपायला सांगतं. उघड्यावर थांबू नका, पाण्यावर जाऊ नका म्हणतं.

आपल्याकडे दिवाळी म्हणजे पाऊस संपला, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून बहुतेक लोक तिथे किती पाऊस पडतो एवढंच विचारतात. किती वाजता पडतो, हे विचारलं की अर्धी सहल आपोआप आखली जाते.

हाउसबोटचंच बघा. अलेप्पीच्या रात्रभराच्या बोटीत माणसं साधारण दुपारी बारा वाजता चढतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधून ठेवतात, कारण त्यानंतर मच्छीमारांची जाळी पाण्यात पडतात. बऱ्याच बोटींत एसी रात्री नऊनंतरच सुरू होतो. म्हणजे भाडं जवळजवळ अख्ख्या दिवसाचं आणि बोट खरी चालणार ती दुपारी बारा ते साडेपाच. तुलावर्षमात ही नेमकी गडगडाटाची वेळ. शिवाय आजींना बोटीत चढवायचं ते एका फळीवरून. डिसेंबर-जानेवारीत मी ही बोट डोळे मिटून सुचवली असती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाही.

मुन्नारचं गणितही असंच. कोचीपासून सुमारे 130 किलोमीटर, शेवटचा टप्पा घाटाचा, चार-साडेचार तास धरायचेच. सकाळी नऊला निघालात तर पोहोचेपर्यंत दुपारचे ढग तुमच्या आधी येऊन बसलेले. तिथून थेक्कडी, तिथून अलेप्पी, प्रत्येक ठिकाणी सामान उतरवा, सामान चढवा. सहा दिवसांतला मोठा भाग गाडीच्या मागच्या सीटवर, आणि गुडघे दुमडून.

"अहो काका, केरळला जाऊन मुन्नार नाही बघितलं तर लोक काय म्हणतील?" मुलानं विचारलं. आजीच मध्ये बोलल्या, "लोक माझ्या गुडघ्यांना शेक देणार आहेत का?" तिथे तो विषय संपला. मुलाच्या मनातून मुन्नार गेलं नाही ते नाहीच. परत आल्यावरही त्यानं ते बोलून दाखवलं, आणि त्यात काही गैर नाही.

ठरलं ते असं: फक्त कोची, मुक्काम एकच. फिरणं सकाळी, दुपारी खोली, संध्याकाळ छपराखाली. आणि आजींसाठी एक नियम, दिवसाला एकच जिना. हा नियम पुढे बराच उपयोगी पडला.

गाडी आणि खोली

नाशिककरांना एक सोय आहे ती अनेकांना ठाऊक नसते. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि कोकण रेल्वेनं जाते. मुंबई गाठायची दगदग नाही. गाडी नाशिकला अपरात्री येते, त्यामुळे तिकिटावरची तारीख दोनदा वाचायची. 3 तारखेच्या रात्री घरातून निघायचं तरी तिकीट 4 तारखेचं. प्रवास एका दिवसाहून जास्तच, पण कोकण दिवसाउजेडी बघायला मिळतं आणि आजी हव्या तेव्हा पाय पसरू शकतात. तेव्हा आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, म्हणून जुलैतच खालचे बर्थ मिळाले. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरपासून ही मुदत 60 दिवसांवर आली. परतीला मात्र विमान. जाताना हौस असते, येताना सगळ्यांना घर दिसायला लागतं.

राहायचं कुठे, यावर दोन मतं होती. एर्नाकुलम म्हणजे शहराचा मुख्य, मुख्य भूमीवरचा भाग: रेल्वे स्थानक, मेट्रो, उडुपी हॉटेलं, दुकानं. फोर्ट कोची खाडीपलीकडे: जुने वाडे, पर्जन्यवृक्षांची सावली, मासेमारीची चिनी जाळी, होमस्टे. सोयीनं पाहिलं तर एर्नाकुलम सरस. पण दुपारी दोन तास खोलीवर परतायचं असेल, तर जिथे फिरणार तिथेच राहायला हवं. म्हणून फोर्ट कोची.

होमस्टे शोधताना तारांकन, नाश्ता, वायफाय यांत मी फार शिरलो नाही. तीन प्रश्न विचारले. खोली तळमजल्यावर आहे का? रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती? बाथरूमचा फोटो पाठवाल का, उंबरा दिसेल असा? जुन्या घरांतल्या वरच्या खोल्या फोटोत देखण्या दिसतात, पण त्यांचे लाकडी जिने उभे असतात आणि कठडा असेलच असं नाही. निम्मी नावं पहिल्या प्रश्नालाच गळाली. शेवटी मिळालेलं घर साधं होतं, पण दाराशी दोनच पायऱ्या आणि सकाळचा नाश्ता घरातल्या बाई करून देणार.

रिक्षाचाही हिशेब लागतो. रिक्षात तीन माणसं, आपण पाच. म्हणजे दर वेळी दोन रिक्षा नाहीतर टॅक्सी. दोन रिक्षांत कोण कुणाबरोबर बसणार हे घरातच ठरवून ठेवा म्हटलं. आजी-आजोबा आणि नात एकत्र, कारण पत्ता फोनवर बघणारं माणूस प्रत्येक रिक्षात हवं.

वारांचा तिढा

कोचीत वार चुकला तर दार बंद. फोर्ट कोचीलगतच्या मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. तिथून चालत जाण्याच्या अंतरावरचं परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद, शुक्रवारी दुपारनंतरही बंद, शिवाय मधल्या सुट्टीचे दोन तास. ज्यू सणांना वेगळी सुट्टी. फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी प्रार्थना. देवळं दुपारी मिटतात, ती संध्याकाळी उघडतात.

मंडळी पोहोचणार मंगळवारी. तो दिवस आराम. शुक्रवार, शनिवार मट्टांचेरीसाठी बाद. उरले बुधवार आणि गुरुवार. बुधवारी गाडीचा शीण अंगात असणार, तेव्हा जवळचं, पायी होणारं फोर्ट कोची. गुरुवार मट्टांचेरीचा. म्हणजे सगळ्या आराखड्यात हलवता न येणारा दिवस एकच होता, गुरुवार, आणि बाकीचे दिवस त्याच्याभोवती बसवले. इंटरनेटवरच्या तयार आराखड्यांत 'दिवस दुसरा, दिवस तिसरा' असं लिहिलेलं असतं. वार लिहिलेला नसतो.

पाणी ओलांडायचं कसं

एर्नाकुलम ते फोर्ट कोची सरकारी बोट पूर्वीपासून आहे. तिकीट अगदी किरकोळ, गर्दी भरपूर, आणि धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना मध्ये पाणी दिसतं. बोट खालीवर होते, मागून लोक घाई करतात. आजींसाठी हे जमणारं नव्हतं.

कोची वॉटर मेट्रोमुळे प्रश्न सुटला. एप्रिल 2023 मध्ये ती सुरू झाली आणि एप्रिल 2024 मध्ये फोर्ट कोचीपर्यंत आली. बोटी कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, शंभर माणसांच्या, वातानुकूलित. तिकीट वीस ते चाळीस रुपये. पण आमच्या कामाची गोष्ट वेगळीच: तिचा धक्का तरंगता आहे. भरती-ओहोटीबरोबर धक्का आणि बोट एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे दोन्हींची पातळी सारखी राहते. व्हीलचेअर सरळ आत जाते. शुक्रवारी आजी एर्नाकुलमच्या हायकोर्ट टर्मिनलपर्यंत जाऊन आल्या आणि वाटेत दोन्ही वेळा खिडकीशी बसून होत्या. त्यानंतर 2025 मध्ये मट्टांचेरीलाही टर्मिनल झालं आहे, तेव्हा आता तिथे जायलाही रिक्षा लागेलच असं नाही.

समुद्राबद्दल नातीला आधीच सांगून ठेवलं होतं. फोर्ट कोचीचा किनारा डुंबण्यासारखा नाही. पावसाळ्यानंतर खाडीतून जलपर्णीचे हिरवे गठ्ठे वाहत येतात आणि वाळूवर साचतात. पोहण्यासारखी वाळू हवी तर वायपीन बेटाच्या टोकाचा चेराई किनारा. गाडीसकट रो-रो बोटीनं वायपीनला उतरायचं आणि बेट उभं पार करून साधारण 25 किलोमीटर. शनिवारी सकाळी सातला निघाले, अकराच्या आत परत. ऊन आणि गर्दी दोन्ही टळलं.

प्रत्यक्षात काय झालं

बुधवारी पहाटे साडेसहाला चिनी जाळ्यांपाशी. संध्याकाळी सूर्यास्ताच्या फोटोसाठी तिथे झुंबड असते, सकाळी मासेमार काम करत असतात. सागवान-बांबूचे उंच खांब, त्यांना लटकवलेलं पसरट जाळं. एक जण आडव्या वाशावरून पाण्याच्या दिशेनं चालत जातो आणि त्याच्या वजनानं जाळं खाली झुकतं. दुसऱ्या टोकाला वेगवेगळ्या लांबीच्या दोरांना डोक्याएवढे दगड बांधलेले. जाळं वर येऊ लागलं की दगड एकेक करून टेकतात आणि तोल सावरला जातो. आजोबा अर्धा तास तिथून हलले नाहीत. तरफेचा धडा त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवला होता. नातीला एका मासेमारानं दोर ओढायला बोलावलं. ओढून झाल्यावर पैसे मागतात, हे आधीच सांगितलेलं असल्यानं वाद झाला नाही. जाळ्यात आलं काय? मूठभर मासळी आणि एक खेकडा.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च, सगळं सपाटीवर. वास्को द गामा 1524 च्या डिसेंबरात कोचीतच वारला. त्याला इथे पुरलं होतं आणि 1539 साली अवशेष पोर्तुगालला नेले. छताला टांगलेले कापडी पंखे अजून आहेत. बाहेरून दोरी ओढायची, की आत वारा. दुपारी अडीचला आभाळ भरून आलं तेव्हा मंडळी जेवून खोलीत आडवी झाली होती.

गुरुवारी सुरुवात देवळापासून केली, कारण राजवाडा दहाला उघडतो आणि देऊळ दुपारी मिटतं. मट्टांचेरीतल्या चेरलाई भागात गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्वम आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातून निघालेली ही घराणी कोचीत स्थिरावली आणि त्यांची कोंकणी इथे आजही बोलली जाते. केरळातल्या बऱ्याच देवळांत पुरुषांना सदरा काढावा लागतो, म्हणून आजोबांनी उपरणं घेतलं होतं. दारातल्या बाईंशी आजींची गाठ पडली. त्या कोंकणीत, या नाशिकच्या मराठीत, आणि पोराबाळांची चौकशी बिनबोभाट पार पडली.

आजोबांसाठी मी एक गोष्ट राखून ठेवली होती. डच अधिकारी व्हान रेडे यानं मलबारच्या सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती जमवून 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ केला. 1678 ते 1693 या काळात तो आम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि कोचीतले तीन कोंकणी वैद्यही: रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. या तिघांनी लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीतच छापलेलं आहे. शिवरायांच्या हयातीत युरोपात छापली गेलेली नागरी अक्षरं! आजोबांनी ते पान फोनवर मोठं करून वाचायचा प्रयत्न केला आणि मग सगळ्यांना ऐकवलं. मुलगा तोवर गाडीत बसून एसी खात होता.

त्या दिवसाचा एकुलता जिना राजवाड्याचा. पोर्तुगिजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिलेला, 1663 नंतर डचांनी दुरुस्त केलेला, म्हणून डच पॅलेस. महत्त्वाचं सगळं वरच्या मजल्यावर. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलंय. आजी सावकाश चढल्या, कारण पाय त्यासाठीच राखले होते. वर गेल्यावर नातीला एकेक प्रसंग त्यांनीच सांगितला. पाटीवरचं इंग्रजी वाचायची गरज पडली नाही.

सिनेगॉग 1568 चं. जमिनीवर चीनमधून आलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, हातानं रंगवलेल्या. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना धर्मशिक्षण द्यायला एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू येत असत, त्यामुळे हे ठिकाण वाटतं तितकं परकं नाही. संध्याकाळी कथकली. खेळाआधी रंगभूषा बघायला बसू देतात, म्हणून लवकर गेले. बाहेर धो धो पाऊस, आत कलाकार आरशासमोर शांतपणे चेहरा हिरवा करत बसलेला. नातीनं एरवी हातातून न सुटणारा फोन बाजूला ठेवला, असं सुनेनं मला मुद्दाम कळवलं.

शुक्रवारी वॉटर मेट्रोनं एर्नाकुलम, तिथे उडुपीत जेवण आणि मसाल्यांची खरेदी. कुंबळंगीच्या खाडीतली सकाळची होडी आराखड्यात होती, ती त्यांनी गाळली. थकले होते. आराखड्यात एखादी गोष्ट गाळता येईल इतकी ढील ठेवलेली असावीच लागते.

जेवणाची मला वाटली होती तेवढी अडचण आली नाही. नाश्त्याला आप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू; आजींनी त्याला आंबोळीची चुलत बहीण ठरवून टाकलं. खोबरेल तेलाचा वास पहिल्या दिवशी नाकात गेला, नंतर जाणवला नाही. अडलं ते पाण्यावर. हॉटेलात गुलाबी, कोमट पाणी समोर आलं आणि आजोबांनी पेला परत पाठवला: रंग घातलाय म्हणाले. ते पतिमुखम, म्हणजे आपल्याकडच्या पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाच्या ढलप्या टाकून उकळलेलं पाणी. एकदा ते कळल्यावर त्यांनी नाशिकला न्यायला त्याची पुडीच विकत घेतली. सुनेनं करीमीन मासा खाल्ला, काट्यांबद्दल तक्रार करत, पण दोनदा. जाळ्यांजवळ मासा निवडून शिजवून घेता येतो. तिथे माशाचा भाव आणि शिजवायचे पैसे वेगवेगळे असतात, दोन्ही आधी विचारून घ्यायचे.

परतीचा विमानतळ नेडुंबाश्शेरीला, शहरापासून बराच लांब. फोर्ट कोचीहून दीड तास धरा, पाऊस असेल तर आणखी. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवली होती. मुंबईत उतरल्यावर नाशिकपर्यंत गाडी सांगून ठेवली होती, ती मात्र पाऊण तास उशिरा आली. सगळ्या सहलीतली सर्वांत लांब वाट पाहणं ते मुंबईत.

हाच आराखडा दुसऱ्या कुणाला जसाच्या तसा देऊ नये. दिवाळी ऑक्टोबरात आली तर पावसाचा जोर जास्त धरावा लागतो आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक कधी संपतं तेही बघावं लागतं. 2024 मध्ये ते 31 ऑक्टोबरपर्यंत होतं, म्हणून ही मंडळी त्यातून थोडक्यात सुटली. 2026 ला लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, तेव्हा गाडीची काळजी कमी. डिसेंबरात जाणाऱ्यांनी हाउसबोट आणि मुन्नार दोन्ही खुशाल घ्यावं, फक्त नाताळ ते नववर्ष या आठवड्यात फोर्ट कोचीत खोली मिळणं कठीण आणि महाग. मे महिन्यात विचाराल तर मी आजी-आजोबांसाठी नाहीच म्हणेन. दमटपणा असा असतो की सकाळी वाळत घातलेला टॉवेल रात्रीही ओलाच.

मुलानं मुन्नारसाठी फेब्रुवारीचा एक शनिवार-रविवार धरला आहे. त्याच्याबरोबर नात जाणार, सून अजून ठरवते आहे.